आंबट माझं, गोड तिचं

ब्लॉगच्या या पानावर आधीच छापून येतं: 'स्वतःबद्दल थोडक्यात सांगा. आवडीनिवडी, सवयी, छंद.' ज्याने हे लिहिलंय त्याला भावंडं नसावीत.

मी फ्रेमा करते. लग्नाचे फोटो, प्रमाणपत्रं, गेलेल्या माणसांचे चेहरे, मुलांनी काढलेली वाकडीतिकडी घरं, जे आणाल ते काचेमागे घालून देते. दुकान बाबांचं. अरुंद आणि लांब. पुढे काउंटर, मागे कापायचं टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी पट्ट्या, आणि कितीही झाडलं तरी तळपायाला लागणारा भुसा. मी मागे असते. पुढे माझी धाकटी बहीण असायची. गिऱ्हाइकाशी तिने बोलायचं, काच मी कापायची. बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते म्हणतात, आणि हिच्या जिभेला तर हाडच नव्हतं. माणूस एक फोटो घेऊन यायचा आणि घरातले आणखी चार उतरवून आणतो म्हणून जायचा. मागे राहून मान खाली घालून काम करणारी मी म्हणजे तिच्या भाषेत 'खाली मुंडी, पाताळ धुंडी'.

हा ब्लॉगही तिचाच. याआधीचे सगळे लेख तिने लिहिलेत. त्यांत 'आम्ही दोघी' इतक्या वेळा येतं की वाचणाऱ्याला वाटावं, दोघी मिळून लिहीत असतील. मुळीच नाही. ती स्टुलावर बसून फोनवर टकटक करायची आणि मी मागून ओरडायचे, "काय ते फुकटचं लिहीत बसतेस, पट्टीचं दुसरं टोक धर आधी."

तर आवडीनिवडी. त्या मला नीट सांगाव्या लागतील, कारण त्या माझ्या आहेत की नाहीत याचाच घोळ आहे.

आम्हा बहिणींत जेमतेम दीड वर्षाचं अंतर. लहानपणी कशावरूनही भांडायचो, आणि तेही साधंसुधं नाही, केस धरून. घरात दोन कप होते, एक निळा आणि एक पिवळा, आणि दोघींना नेहमी एकच हवा असायचा. कोणता, ते रोज बदलायचं. एकदा ओढाताणीत निळा फुटला. आईच्या नाकावर राग कायमच असायचा, पण त्या दिवशी ती ओरडली नाही. तिने तुकडे गोळा केले, आम्हाला भिंतीला पाठ लावून बसवलं आणि निकाल दिला.

"ऐका. आजपासून निळं मोठीचं, पिवळं धाकटीचं. आंबट मोठीचं, गोड धाकटीचं. खिडकी मोठीची, दारापाशी धाकटी. कुठलीही गोष्ट दोघींची नाही. आणि दुसरीच्या वाटणीतलं जी मागेल, तिचं स्वतःचंही जाईल."

घर शांत झालं. इतकं शांत की शेजारच्या बायका आईला युक्ती विचारायला येऊ लागल्या. मग आईला चटकच लागली. घरात नवं काही आलं की ती उंबऱ्यातच वाटून टाकायची. मांजरं माझी, कुत्री तिची. संध्याकाळ माझी, सकाळ तिची. आत्या दोन होत्या म्हणून एकेक घेतली. थोरल्या आत्याने माझ्यासाठी आणलेल्या खेळण्याकडे धाकटी बघायचीसुद्धा नाही. द्राक्षांनी तेवढी पंचाईत केली. आंबट निघाली तर माझी, गोड निघाली तर तिची, म्हणजे आधी आईने चाखायचं. निम्मा घड न्याय करण्यातच संपायचा.

बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं आहे, मला ठाऊक आहे. पण आम्हाला त्याचा अभिमान होता. माझं ते माझं, आणि तिच्याकडे हात पसरायचा नाही. पुढे आई गेली, बाबा गेले, दुसरा कप कधीतरी भंगारात गेला, तरी कायदा तसाच राहिला. आम्हाला तो कायदा वाटतच नव्हता. आम्ही अशाच आहोत, असं वाटायचं.

लग्नसुद्धा तिच्या वाटणीला गेलं, दुकान माझ्या. सासरी पहिल्याच दिवशी तिच्यापुढे लिंबाचं सरबत आलं तर ही म्हणाली, "नको, ते ताईचं आहे." सासूबाईंना वाटलं, ही आल्या आल्या माहेरी पाठवायला सरबत मागतेय. ते लग्न मोडलं ते काही सरबतापायी नाही, नवरा मुळातच बरा नव्हता. एक दिवस ती बॅग घेऊन दुकानात आली, काउंटरच्या आतल्या बाजूला बसली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "या, काय करायचंय?" त्यानंतर तिथून ती उठली ती आजारपणातच.

आधी जेवण जाईना. मग पोटात गाठ निघाली. डॉक्टर सुरुवातीला आमच्याकडे बघून बोलायचे, नंतर फाइलकडे बघून बोलायला लागले, तेव्हाच मी काय ते समजले. हॉस्पिटलात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. ही मेली अवघडून म्हणाली, "ताई, ही जागा तुझी आहे गं." मी म्हटलं, "झोप गुपचूप. आई बघायला येत नाही."

तिथे पडल्या पडल्या तिने माझ्यामागे हे लचांड लावलं. एक दिवस फोन पुढे करून म्हणाली, "ताई, ब्लॉगवर तुझं पान लिही. फक्त तुझं. 'आम्ही' हा शब्द एकदाही येता कामा नये."

"मला नाही जमत असली थेरं."

"मी गेल्यावर कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगशील? आम्ही दोघी?"

"तू कुठे जात नाहीस," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली.

"तू कोण आहेस ते मला ऐकून जायचंय," ती म्हणाली. "मी आहे तोवर लिही. नंतर लिहिलंस तर काय उपयोग?"

त्या दिवसापासून माझ्यामागे एकच घाई लागली. ती जायच्या आधी हे पान पुरं व्हायला हवं होतं. मला फोनवर लिहिता येत नव्हतं, म्हणून फोटोभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याची कापून उरलेली टोकं न्यायचे आणि त्यांवर लिहून तिला वाचायला द्यायचे. ती दुकानातली लाल पेन्सिल हातात घेऊन मास्तरणीसारखी बसायची.

पहिल्या तुकड्यावर मी लिहिलं: मला आंबट आवडतं, निळा रंग आवडतो, सकाळी कुणी बोललेलं खपत नाही, मांजरं बरी वाटतात. तिने सगळ्यावर रेघ मारली. "हे आईने दिलेलं आहे. तुझं सांग."

दुसऱ्यावर लिहिलं: मी कमी बोलते, मला माणसांत जायला नको वाटतं.

"खोटं," ती म्हणाली. "मी जास्त बोलते म्हणून तू कमी बोलतेस. मी बोलूच दिलं नाही तर तू काय करणार?" रेघ.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आजारी आहेस म्हणून ऐकून घेते, नाहीतर ही पेन्सिल खिडकीतून फेकली असती. रागाच्या भरात तिथेच पायांशी बसून तिसरा तुकडा लिहिला. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची वाकडी फ्रेम सरळ करते, मग माणसांना कशी आहात विचारते. फोटोतला माणूस बघायच्या आधी काचेत बुडबुडा आहे का ते बघते. शिसपेन्सिल कानामागे लावते आणि दिवसभर शोधते.

ते वाचून ती इतकी हसली की तिला धाप लागली. "हे तुझं! हे तुझंच! आणि ते लिही, तू गेलेल्या माणसांशी भांडतेस."

"मी?"

"काच पुसताना पुटपुटतेस. 'सरळ बघा की जरा, एवढे कसले रुसलात.' मी पुढून ऐकते. एक आजोबा होते, त्यांना तर तू फ्रेम बंद करेपर्यंत झापत होतीस."

मला हे खरंच माहीत नव्हतं. माझ्याबद्दलचं इतकं काही तिच्याजवळ साठून होतं, आणि ती ते सगळं घेऊन चालली होती. मी पाणी आणते म्हणून उठले.

"खोड्या झाल्या," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "आता आवड. माझ्या वाटणीतलं एकेक चाखून ये आणि मला सांग. आवडलं नाही तर समजू, आईने बरोबर वाटलं होतं."

"मी काही तुझ्याकडे मागायला आले नाही."

"मागितलं कुठे? मी देतेय."

झालं, कायद्यातून वाट निघाली. मी कोपऱ्यावरच्या बेकरीत उभ्याउभ्या क्रीमचा केक खाल्ला. दाढेत कळ गेली. तिला येऊन सांगितलं, "वर्षानुवर्षं तू हे खात होतीस?" ती आनंदाने म्हणाली, "म्हणजे आंबट खरंच तुझं. लिही!" मग मला पहाटे उठवून बागेत पाठवलं. तिथे माणसं हात उडवत, हसत चालत होती. इतक्या सकाळी इतकी खूश माणसं मला संशयास्पद वाटतात, हेही लिहून घेतलं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला हात लावून ये म्हणाली, तर त्याने तो पंजापासून कोपरापर्यंत चाटला.

"आवडलं का?"

"वाईट नव्हतं."

"वाईट नव्हतं म्हणजे आवडलं का?"

"वाईट नव्हतं म्हणजे वाईट नव्हतं. पेन्सिल ठेव खाली."

ते दिवस, खरं सांगते, आमचे फार चांगले गेले. तिथे बाकीच्या खाटांवरची माणसं छताकडे बघत पडलेली असायची आणि आम्ही केक आणि कुत्र्यांवरून वाद घालायचो. समोरच्या खाटेवरच्या बाई आपल्या मुलीला म्हणायच्या, "थांब, त्यांचं कुत्र्याचं काय ठरतंय ते ऐकू दे." पण ती रोज थोडी कमी होत होती. मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. जेवण तर बंदच झालं, गोडाचा वासही नकोसा झाला. तिच्या वाटणीतलं तिला काहीच उरलं नाही.

एका दुपारी मी डब्यातलं लिंबू कापून चोखत बसले होते. मी खाते असं, कुणाला आवडो न आवडो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने दाराकडे नजर टाकली, लहानपणी आई येतेय का बघायचो तशी, आणि हळूच म्हणाली, "ताई, तुझ्यातलं थोडं देशील?"

पन्नाशी ओलांडलेली बाई, खाटेला खिळलेली, लिंबाच्या फोडीसाठी परवानगी मागत होती. मी फोड तिच्या ओठांना लावली. तिने डोळे मिटून चोखली. तोंड वाकडं झालं नाही. उलट चेहरा सैलावला, किती दिवसांनी.

"छान आहे गं," ती म्हणाली.

"मग कधी मागितलं का नाहीस?"

"तुझं होतं ना."

मी व्हरांड्यात जाऊन रडले. पदर तोंडात कोंबून, भिंतीकडे तोंड करून रडले. आईवर चिडले, इतकी की ती समोर असती तर तिलाही भिंतीला पाठ लावून बसवलं असतं. मेलेल्या आईवर चिडण्याइतकं निरुपयोगी काम नाही, तरी ते मी बराच वेळ केलं. मग तोंड धुऊन आत गेले आणि उरलेलं अर्धं लिंबू तिला दिलं. त्यानंतर रोज नेत राहिले. शेवटी शेवटी नुसतं ओठांवर फिरवायचे.

पान अजून पुरं नव्हतं. खोड्या होत्या, नावडी होत्या, पण 'मला हे आवडतं' असं म्हणावं आणि ते कुणी वाटून दिलेलं नसावं, असं एकही वाक्य नव्हतं. ती आता पेन्सिल धरू शकत नव्हती. मी वाचायचे आणि ती बोट हलवून नाही म्हणायची.

मग एक दिवस, मी येऊन टेकते न टेकते तोच ती म्हणाली, "आज पाण्यात उतरून ये."

पाणी तिचं होतं. बाबा तिला पोहायला न्यायचे तेव्हा मी काठावर दोघांचे कपडे सांभाळत बसायचे. पाय बुडवायचीसुद्धा मला मुभा नव्हती, आणि मुभा नाही म्हणून मला पाणी आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगायचे.

"या वयात? लोक हसतील."

"हसू देत. मी बरी असते तर आधी मीच हसले असते."

"उद्या जाते. आज तुला बरं दिसत नाही."

"आजच जा ना, ताई. आणि घाई करू नकोस. नीट बघ आवडतं का."

पोहण्याचा तलाव हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्यावर होता. बायकांची वेळ दुपारची होती. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीने भाड्याचा पोशाख दिला, तो मला सगळीकडून चुकीचा होत होता, आणि केस न मावणारी रबरी टोपी दिली. उथळ बाजूला चिल्लीपिल्ली होती आणि त्यांच्यात मी. शिकवणारी बाई म्हणाली, "काकू, कडेचा दांडा धरा आणि पाय सोडा, काही होत नाही." मी दांडा धरला. दात वाजत होते. स्वतःला आणि धाकटीला, दोघींना शिव्या घातल्या आणि पाय सोडले.

काही झालं नाही. म्हणजे मी बुडाले नाही. कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. मुलांचा कलकलाट नाही, दुकान नाही, ते सलाइनचे स्टँड ढकलल्याचे आवाज नाहीत. पाण्याने मला खालून धरलं होतं. आयुष्यभर पट्ट्या उचलल्या, काचा उचलल्या, गेले काही महिने तिला कडेवर घेतल्यासारखी उठवून बसवत होते. मला कुणीतरी उचलून धरलंय, हे मला नवीन होतं. मी हसायला लागले. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तरी हसत होते. ती शिकवणारी बाई घाबरली. वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत मी बाहेर आले नाही.

केस पुसले नाहीत. पोशाख परत दिला, कपडे ओल्या अंगावरच चढवले आणि निघाले. रस्त्याने वाक्य जुळवत होते. आधी जरा तोंड पाडून जायचं, तिला वाटू द्यायचं की नाही आवडलं, आणि मग म्हणायचं, 'पाणी माझं. तू दे नाहीतर नको देऊस.' जिन्यातच मला हसू आवरेना. पिशवीतला फोन तलावाच्या कपाटात असताना वाजून वाजून बंद झाला होता, ते मला नंतर कळलं.

वॉर्डच्या दाराशी नर्सबाई उभ्या होत्या. "आम्ही तुम्हाला फोन करत होतो," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या केसांकडे बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

तिने मला मुद्दाम पाठवलं का, हे मला कधीच कळणार नाही. समोरच्या खाटेवरच्या बाई म्हणतात, मी गेल्यावर ती खिडकीकडे तोंड करून पडली होती आणि काही मागितलं नाही. मुद्दाम पाठवलं असेल तर मी तिला माफ केलेलं नाही. मुद्दाम नसेल तर मी तिथे नव्हते, एवढंच उरतं. फ्रेमा करताना रोज तिच्याशी यावरून भांडते, आणि आता मी पुटपुटतेय हे मला ऐकू येतं.

खाटेभोवतीचा पडदा अर्धा ओढलेला होता. चादर तिच्या गळ्यापर्यंत नीट घातली होती. मी खुर्ची ओढली, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. तोंड पाडलं नाही, चेष्टा केली नाही, सरळ सांगितलं. मला पाणी आवडलं. टोपी कशी बसेना, मुलं कशी फिदीफिदी हसत होती, पाय सोडल्यावर काय झालं, कान पाण्याखाली गेल्यावर कसं शांत झालं, सगळं क्रमाने सांगितलं. माझ्या केसांतलं पाणी चादरीवर टपकत होतं. नर्सबाईंनी मागून माझ्या खांद्यांवर टॉवेल टाकला आणि त्या निघून गेल्या. तिचा हात अजून ऊबदार होता. गार माझाच होता.